आंबोलीची उंची वाढवून मिळण्याबाबत

मंगळवार दिनांक १७ मे १९६० रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास, आंबोली मुक्कामी, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार फुटांवर मला हिमालय बाधला आणि मी सुभेदार सत्यवान राणे यांच्या बुटांवर कोसळलो.

असे काही घडलेले नाही.

वरचे वाक्य तुम्ही वाचले असेल तर विसरून जावे. मालवणात ते सर्वांनी विसरायचे ठरले आहे. अर्थात मालवणात एखादी गोष्ट सर्वांनी मिळून विसरायची ठरली, की पुढची तीस वर्षे दर लग्नात, दर बारशात आणि दर जत्रेत 'ती विसरलेली गोष्ट' म्हणून तिची आठवण काढली जाते. तेव्हा मीच सगळे पहिल्यापासून सांगतो.

मी गुरुदास परब. मामलेदार कचेरीत आवक बारनिशीला कारकून आहे. आलेल्या कागदावर नंबर घालायचा, तारीख घालायची आणि तो अशा टेबलावर ठेवायचा की तिथून तो परत माझ्याकडे येणार नाही, हे माझे काम. ते मी सावकाश करतो. परबाच्या टेबलावर कागद ठेवला की त्याला मुळे फुटतात, असे आमचे हेडक्लार्क म्हणत. मी ते वाईट वाटून घेत नसे. वाईट वाटून घ्यायलाही एक प्रकारची चपळाई लागते.

त्या साली फेब्रुवारीत एक परिपत्रक आले. हिमालयात भरणाऱ्या पर्वतारोहण वर्गासाठी प्रत्येक तालुका कचेरीने एक सुदृढ कर्मचारी सुचवावा. तसा कोणी नसल्यास निरंक अहवाल पाठवावा. सगळ्या कोकणपट्टीने निरंक पाठवले. मीही पाठवणार होतो, पण राहून गेले. मग स्मरणपत्र आले. मग तांबड्या शाईतले स्मरणपत्र आले. हेडक्लार्क म्हणाले, आज संध्याकाळच्या टपालात उत्तर गेलेच पाहिजे. मी कपाट उघडले. निरंक अहवालाचे छापील फॉर्म संपले होते. नाव सुचवण्याचे मात्र आख्खे बंडल शिल्लक होते. आता सरकारी फॉर्म कोरा तर पाठवता येत नाही. म्हणून मी त्यात माझे नाव भरले.

इतिहासात मोठमोठ्या मोहिमा कशा सुरू झाल्या याची मला माहिती नाही, पण स्टेशनरीचा हात त्यांतही असावा असे वाटते.

फॉर्मात एक रकाना होता: 'उमेदवाराच्या राहत्या घराची समुद्रसपाटीपासून उंची.' आमचे घर बंदराला लागून. मी प्रामाणिकपणे लिहिले: 'ओहोटीला नऊ फूट, भरतीला तीन.' वरून शेरा आला की एकच उंची कळवावी. मी उलट टपाली कळवले की आम्ही एकच ठेवली आहे, बदलतो तो समुद्र. त्यावर उत्तर आले नाही. माझी निवड झाल्याचे पत्र मात्र आले. इतर सर्वांनी निरंक पाठवल्यामुळे चुरस फारशी नव्हती.

मी ताबडतोब नकार कळवणार होतो. ताबडतोब म्हणजे महिन्याभरात. पण त्याच दिवशी सुभेदार राणे पेन्शनीसाठी हयातीचा दाखला घ्यायला कचेरीत आले. आपण जिवंत आहोत हे सांगायला ते दर वर्षी अशा आवेशाने येत, की मामलेदारसाहेबांना उभे राहावेसे वाटे. त्यांनी माझ्या टेबलावरचे पत्र उचलले, चष्मा लावून वाचले आणि माझ्याकडे पाहिले. दीड वर्षात प्रथमच पाहिले.

दीड वर्ष म्हणजे काय, ते सांगायला हवे. सुभेदारांच्या घरावरून जाणारा रस्ता माझ्या घराकडे जात नाही. तरी मी दीड वर्ष रोज त्याच रस्त्याने घरी जात होतो. कारण त्या घराच्या पायरीवर संध्याकाळी सुभेदारांची मुलगी सुशीला तांदूळ निवडत बसलेली असे. मी एकदा भिकाजीकाकांकरवी रीतसर विचारणाही केली होती. भिकाजीकाका माझे सख्खे काका, आमच्या वाडीचे गावकर. देवापुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान त्यांचा. देवाशी बोलणारा माणूस सुभेदारांशीही बोलू शकेल अशी माझी समजूत होती. सुभेदारांनी त्यांना चहा दिला आणि सांगितले, "भिकाजी, बारनिशीतल्या माणसाक चेडू देवचंय नाय. थंय कागद म्हातारे होतत, मगे माझ्या चेडवाचा काय होतला?"

तेच सुभेदार आता माझ्या टेबलासमोर उभे होते. म्हणाले, "मालवणात एक तरी मरद निघालो. हिमालयातसून परत ये, मगे बघूया."

मी नकाराचा मसुदा खणात ठेवला. त्याला पुढे मुळे फुटली असतील.

त्या संध्याकाळी मला राण्यांच्या घरी चहा मिळाला. सुशीला कप ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "आमच्या तीन पायरी चढलास तर तुमका धाप लागली. हिमालयाक किती पायरी आसत?"

मी म्हटले, चौकशी करून कळवतो.

सुभेदार अठ्ठेचाळीस साली काश्मीरच्या बर्फात होते. उंचीवर माणसाचे काय होते ते मालवणात फक्त त्यांना ठाऊक होते, आणि त्यामुळे त्यांचा सल्ला कोणी ऐकला नाही. त्यांनी मला बोटांवर मोजून सांगितले, "पयल्या दिसाक डोकां फुटता. दुसऱ्या दिसाक जेवान जायना नाय, डाळ तर शिजतच नाय. तिसऱ्या दिसाक माणूस आवशीक हाक मारता, 'आये गे' करून. चवथ्या दिसाक आंग शिकता. मात्र घाई करूची नाय. डोंगराक घायवालो माणूस आवडणा नाय."

हे ऐकून मला आयुष्यात प्रथमच आपण एखाद्या गोष्टीला लायक आहोत असे वाटले.

आमच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हेच शास्त्रीय भाषेत समजावले. ते घाटावरचे, त्यामुळे शुद्ध बोलत. वर हवा विरळ. श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो. म्हणून छाती भराभर चालते, हृदय जोरात धावते, आणि काही दिवसांनी रक्तात तांबड्या पेशी वाढतात. मला ते लगेच समजले. म्हणजे वरून पुरवठा कमी आला की आधी आहे त्या नोकरवर्गाला जादा वेळ बसवायचे, आणि तेवढ्याने भागले नाही की हंगामी कारकून भरायचे. खाली उतरलो की हंगामी कारकून कमी. शरीरात इतकी शिस्तशीर कचेरी चालते हे मला माहीत नव्हते. माझ्या शरीरात ती चालते का, एवढीच शंका होती.

शेजाऱ्यांना मात्र शास्त्रात रस नव्हता. त्यांना माझ्यात रस होता. शाळामास्तरांनी रोज माडावर चढून तासभर बसायला सांगितले. तीस फुटांवर बसून सवय झाली की उरलेले फूट हळूहळू वाढवता येतील असा त्यांचा हिशेब. तीन दिवस मी माडावर बसलो. चौथ्या दिवशी माडी काढणारा भंडारी वर आला, मला बघून तसाच खाली उतरला आणि तेव्हापासून त्याने पिणे सोडले. त्याच्या बायकोने मला नारळ पाठवला. कोणी म्हणाले, थंडीची सवय कर. म्हणून मी बंदरावरच्या बर्फाच्या खोलीत रोज अर्धा तास सुरमयांच्या सहवासात काढला. माझी चिकाटी वाढली की नाही ते सांगता येत नाही, पण कचेरीपर्यंत पाच मांजरे सोबत येऊ लागली. काकींनी कांद्याचा रस पाजला. या सर्वामुळे राण्यांच्या पायरीसमोरून जाताना वाऱ्याची दिशा बघावी लागे.

परंतु ज्या शिकवणीने माझे भवितव्य ठरले ती अब्बासची. अब्बास होडीवाला, माझा शाळेतला मित्र. किल्ल्याजवळच्या खडकांत अडकलेले नांगर बुडी मारून सोडवण्यात त्याचा हात धरणारा किनाऱ्यावर कोणी नव्हता. त्याने माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "वर वारो नाय म्हणतत ना?"

"कमी आसा."

"मगे माडार कित्याक चढतस मेल्या? माडार वारोच वारो. वारो नाय ती जागा खाली आसा. चल, पाण्यात उतर."

समुद्राकाठच्या माणसाने आयुष्यात हवा नसलेली जागा एकच पाहिलेली असते. भिकाजीकाकांना हे पटले, शाळामास्तरांना पटले, आणि आमच्या अख्ख्या वाडीने ठरवले की हिमालयाची तयारी समुद्राच्या तळाशी व्हायला हवी. मार्च-एप्रिल मी रोज सकाळी अब्बासबरोबर पाण्याखाली गिर्यारोहण केले. वर होडीत बसून तो आकडे मोजी. पहिल्या दिवशी मी अकराला वर आलो. एप्रिलअखेर सत्तरापर्यंत गेलो. अब्बासचा नियम एकच होता: "भय वाटला काय तोंड मिटायचा. भय वाटल्यार जो श्वास घेता, तो मरता."

हा नियम त्याने माझ्याकडून इतका घोटवून घेतला, की कचेरीत हेडक्लार्कांनी हाक मारली तरी माझे गाल फुगू लागले.

सुभेदारांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, हा मूर्खपणा आहे. वाडीने त्यांना समजावले की तुम्ही बर्फात होता, तुम्हाला पाण्यातले काय कळणार.

मग देवाला विचारले. तसे न विचारता आमच्याकडे कोणी विहीरही उपसत नाही. देवळात सगळी वाडी जमली. भिकाजीकाकांनी खांद्यावर पंचा टाकून गाऱ्हाणे घातले: "बा देवा म्हाराजा, ह्यो आमचो गुरुदास, समुद्राकाठचो झील, आज उंचार चढाक निघालो आसा. थंय तेचो श्वास अडाक नको, पाय निसराक नको. उंचार जावन तेका यश मेळतला काय नाय, ता उजवो कौल देवन सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली.

देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या होत्या. उजवीकडची पाकळी लगेच पडली. इतक्या झटपट देवाने कधी होकार दिला नव्हता. एका विहिरीच्या बाबतीत तर सहा तास बसवून ठेवले होते. पाकळी आपसूक पडली की वरून गेलेल्या पालीने पाडली, यावर पुढे वाद झाला. पण पाल उजवीकडूनच गेली हे सर्वांना मान्य आहे.

कौल मिळाल्यावर वाचनालयाने माझा आगाऊ सत्कार केला. परत येईन की नाही याची खात्री नसल्यामुळे तो आगाऊ करणे सोयीचे होते. अब्बासने होडीच्या रंगात फळी रंगवून दिली: 'हिमालयवीर गुरुदास परब.' ती आमच्या दारावर ठोकली. हा रंग चार पावसाळे जात नाही, असे तो अभिमानाने म्हणाला. तेव्हा मलाही अभिमान वाटला होता.

आता एकच अडचण उरली. वर्गाला जाण्यापूर्वी उमेदवाराने पाच हजार फुटांवर राहून डॉक्टरचा दाखला जोडायचा होता. आम्ही कळवले की रत्नागिरी जिल्ह्यात पाच हजार फूट उपलब्ध नाहीत. उत्तर आले, जवळपास जी उंची उपलब्ध असेल तीवर भागवावे. एवढ्यात एक मे उजाडला आणि मुंबई राज्याचे महाराष्ट्र झाले. माझी उमेदवारी एका राज्यातली आणि दाखला दुसऱ्या राज्यात द्यायचा, हे कसे बसवावे हे कोणालाच कळेना. जिल्ह्याच्या कचेरीने लिहिले की जुन्या राज्याचे डोंगर नव्या राज्यात जसेच्या तसे चालू ठेवले आहेत. तेव्हा आंबोली ठरली.

सुभेदारांची बहीण आंबोलीला दिलेली. त्यामुळे देखरेखीला सुभेदार आले, नणंदेला भेटायला त्यांच्या पत्नी जानकीबाई आल्या आणि आईच्या सोबतीला सुशीला आली. दाखला द्यायला डॉक्टर आले. हिमालयाच्या कुठल्याही तुकडीत एवढी माणसे घरची नसतील. सुभेदारांनी मला आपला काश्मीरचा ओव्हरकोट घातला होता. मे महिना होता. एस.टी.ने घाट चढताना माझ्या अंगातून जे पाणी गेले ते मोजले असते तर एक ओढा भरला असता. पण मी उंचीवर चाललो होतो आणि सुशीला समोरच्या बाकावर बसली होती, त्यामुळे मी ते सोसले. माझी सगळी पुढची जिंदगी त्या दाखल्यावर होती. हिमालय मला नकोच होता. मला फक्त तिथून परत यायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावावरच्या सड्याकडे, त्या उघड्या खडकाळ पठाराकडे, निघालो. मी सुभेदारांच्या सल्ल्याप्रमाणे हळूहळू चढत होतो. इतका हळू, की वाटेत एक गाय आम्हाला मागे टाकून गेली. डॉक्टर दर शंभर पावलांवर माझी नाडी बघून वहीत लिहीत. सगळे उत्तम होते. सुभेदार जानकीबाईंना म्हणालेही, "बघ, झील बरो चढता."

मग आम्ही कड्यावर पोचलो आणि मी खाली पाहिले.

सगळे कोकण खाली पसरले होते. माड नाहीत, घरे नाहीत, नुसती हिरवी घडी. तिच्या पार टोकाला एक चांदीची रेघ. तो समुद्र होता. ज्याच्या काठावर मी जन्म काढला तो एवढासा होऊन तिकडे पडला होता, आणि त्याच्या वर सव्वादोन हजार फूट मी उभा होतो. मला भय वाटले.

भय वाटले की तोंड मिटायचे.

मी तोंड मिटले. गाल फुगले. कानात अब्बासचे आकडे सुरू झाले. भोवती आंबोलीची हवा अशी की मुंबईचे लोक ती घ्यायला मुद्दाम येतात. चहूकडून नुसती वाहत होती, आणि मी त्यातला एक घोटही घेत नव्हतो. चाळीसला सुभेदारांचा आवाज लांब गेला. साठला डॉक्टर दोन दिसू लागले. सत्तर हा माझा उच्चांक. एकाहत्तरला मला वाटले की आपण नांगर सोडवला, आणि मी सुभेदारांच्या बुटांवर पडलो.

पुढचे मला तुटक आठवते. सुभेदार ओरडत होते की हा विरळ हवेचा झटका आहे, मी शंभर वेळा पाहिला आहे, कोट सोडा. डॉक्टर म्हणत होते, सव्वादोन हजार फुटांवर हे शक्य नाही. मग माझ्यावर एक सावली पडली, आणि सुशीला शांतपणे म्हणाली, "बाबानू, हेंका काय झालेला नाय. हे श्वासच घेनत नाय."

तिने एक बोट माझ्या फुगलेल्या गालावर टेकवले आणि दाबले. माझ्या तोंडून सगळी मालवणची हवा बाहेर पडली.

"आता घेवा," ती म्हणाली.

मी घेतला. उंचीवर शरीर कसे टिकते याबद्दल डॉक्टरांचे म्हणणे वेगळे असेल, पण माझा अनुभव असा आहे.

मी डोळे उघडले तेव्हा सुभेदार कपाळाला हात लावून बसले होते. असला जावई काय कामाचा, आंबोलीला आडवा होणारा, असे ते डॉक्टरांना विचारत होते. माझे सगळे संपले होते. दाखला गेला, हिमालय गेला, आणि हिमालयाच्या पलीकडची ती पायरी गेली.

तेव्हा जानकीबाई बोलल्या. त्या बाईंचा आवाज मी दीड वर्षात ऐकला नव्हता.

"अठरा वर्सां माझो घोव डोंगरार होतो," त्या म्हणाल्या. "ह्या चेडू चालाक लागला तेव्हा हे खंय होते? डोंगरार. माझो बापूस गेलो तेव्हा? डोंगरार. मी चुलीकडे बसान पत्रां वाचलंय. आणि ह्यो झील बघा. ह्यो आंबोलीच्या वर जावक शकणा नाय. माका ह्योच जावय व्हयो."

सुभेदारांनी मिशीला हात लावला. काश्मीरमध्ये त्यांनी एकदाही माघार घेतली नव्हती, हे ते नेहमी सांगत. त्या दिवशी आंबोलीच्या सड्यावर त्यांनी ती व्यवस्थित, रांगेत, सामानासकट घेतली. मग मला एवढेच म्हणाले, "कोट धुवन परत दी."

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे दाखला लिहिला: 'उमेदवारास उंचीवरील हवा विरळ वाटते असे दिसून आले नाही, कारण उमेदवार हवा घेत नाही.' तो मी स्वतःच्या हाताने बारनिशीत नोंदवला आणि माझ्या टेबलावर ठेवला. तो सुखरूप आहे.

लग्न मार्गशीर्षात ठरले. सुशीला अधूनमधून पायरीवरून विचारते, आज किती मोजलेत. मी वाऱ्याची दिशा न बघता उत्तर देतो.

फक्त भिकाजीकाका दुःखी आहेत. देवाने उजवा कौल दिला होता, की गुरुदासला उंचावर यश मिळेल. मला मिळालेले यश काकांना पुरेसे वाटत नाही. गाऱ्हाणे हिमालयासाठी घातले होते, जावयासाठी नाही. त्यात दारावरची फळी. अब्बासने खरवडून पाहिली, पण त्याचाच रंग त्याला दाद देईना. काकांनी आठवडाभर विचार केला आणि मला सांगितले, "देव खोटो पडणा नाय. फळी पुसणा नाय. मगे उंचीच खोटी आसतली. तू कागद लिहिणारो. लिही."

काकांचा शब्द आणि देवाचा मान, दोन्ही मोडणे मला शक्य नव्हते. म्हणून पुढील अर्ज आज रोजी पाठवला आहे. जावक नंबर पडला आहे. त्याची नक्कल:

'मेहेरबान भूमापन अधिकारी साहेब यांचे सेवेशी. विषय: मौजे आंबोलीची उंची वाढवून मिळण्याबाबत. अर्जदार सादर करतो की, सदरहू गावी दि. १७ मे १९६० रोजी अर्जदारास हिमालयातील उंचीची सर्व लक्षणे चार साक्षीदारांसमक्ष झाली. सबब दप्तरी नोंदलेली सव्वादोन हजार फूट ही उंची चुकीची असून ती दुरुस्त करून बारा हजार फूट करण्यात यावी, व ती सदर तारखेपासूनच अमलात आहे असे धरण्यात यावे. गाव उचलणे अडचणीचे असल्यास समुद्रसपाटी त्या मानाने खाली घेण्यासही ग्रामस्थांची हरकत नाही. मात्र तसे करताना मालवण बंदरातील होड्या कोरड्या पडणार नाहीत, आणि अर्जदाराच्या भावी सासुरवाडीच्या पायऱ्या तीनच राहतील, याची खात्याने दक्षता घ्यावी. लग्न मार्गशीर्षात असल्याने निकाल त्यापूर्वी व्हावा, ही विनंती. सोबत: देवाचा कौल, एक पाकळी.'